सोन्याच्या देशांत खुर्द्याचा दुष्काळ

सोन्याच्या देशांत तांब्याच्या नाण्यांची वाण पडावी, ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण ऑस्ट्रेलियांत ती घडली. १८५१ सालीं न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया येथें सोनें सांपडलें आणि जहाजें भरभरून माणसें तिकडे लोटलीं. पाव, चहा, मेणबत्त्या यांचें गिऱ्हाईक वाढलें; पेनी व अर्ध्या पेनीचा पुरवठा मात्र दूरच्या इंग्लंडवर अवलंबून. १८५५ सालीं सिडनीस टांकसाळ निघाली खरी, पण ती पाडी सोन्याचीं नाणीं. सॉव्हरिनची मोड पावाच्या दुकानांत कोठून मिळावी?

मार्ग काढला तो दुकानदारांनीं. मेलबर्नच्या ॲनंड, स्मिथ आणि कंपनी या वाणसामानाच्या पेढीनें सोनें सांपडण्यापूर्वींच, १८४९ सालीं, स्वतःच्या नांवाचें पेनीचें टोकन काढलें होतें. एका बाजूस पेढीचें नांव, दुसऱ्या बाजूस बसलेली ब्रिटानिया. मग इतरांनींही तोच कित्ता गिरविला. कोणी बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्यांतून टोकनें पाडवून आणीत, कोणी मेलबर्नच्या टॉमस स्टोक्सकडून. त्यांवर कांगारू आला, एमू पक्षी आला, चहाच्या दुकानाची जाहिरातहि आली. लंडनचे टॉमस हॉलोवे हे गोळ्या व मलम विकणारे गृहस्थ. त्यांनीं १८५७ सालच्या टोकनावर आपलाच मुखवटा उठविला! राणीची जागा औषधविक्यानें घेतली, तरी बाजारांत तें बिनबोभाट चाले.

यांत परोपकार थोडा व नफा अधिक होता. टोकनांतील तांबें पेनीच्या किंमतीचें नसे. मधला फरक तें काढणाऱ्याच्या पदरांत पडे. शिवाय तें घेण्यास कायद्यानें कोणी बांधलेला नव्हता. दुकान बुडालें आणि शेजाऱ्यानें नाकारलें, कीं हातीं उरे तो तांब्याचा तुकडा. सोनें बाळगणाऱ्यास त्याची क्षिति नव्हती. झळ लागे ती पेनी-पेनी मोजून संसार करणाऱ्या मजुरास.

१८६० पासून इंग्लंडनें काशाचीं हलकीं नाणीं काढलीं. पुढें व्हिक्टोरियानें १८६३ त व न्यू साउथ वेल्सनें १८६८ त टोकनें बंद केलीं. न्यूझीलंडमध्यें क्राइस्टचर्चचे वाद्यविक्रेते मिल्नर आणि टॉमसन यांनीं १८८१ पर्यंत तीं काढलीं.

आपल्याकडेहि दुसऱ्या महायुद्धांत खुर्दा असाच दिसेनासा झाला. तेव्हां सरकारनें १९४३ त मध्यें भोंक असलेला पैसा काढून धातु वांचविली. काठेवाडांतील संस्थानांनीं पुठ्ठ्याचीं कुपनें चालविलीं. त्यांवर निदान दरबाराचा शिक्का तरी होता.