छोटे पुरवठादार, मोठे गैरसमज

‘सर्वसमावेशक खरेदी’ हे शब्द मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आता सर्रास दिसतात. त्यांचा अर्थ सोपा आहे. कंपनी सुटे भाग, खोकी, गणवेश, कँटीनचं जेवण, वाहतूक असं बरंच काही बाहेरून घेते. त्यातला काही वाटा छोट्या उद्योजकांकडून घ्यायचा, आणि त्यातही ज्या समाजांना व्यापार-उद्योगाची दारं पिढ्यानपिढ्या बंद होती त्यांच्याकडून घ्यायचा. आपल्याकडे यात मुख्यतः अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक आणि महिला येतात. खरेदी विभागात काय किंवा लघुउद्योजकांच्या बैठकीत काय, या विषयावर प्रत्येकाचं मत ठाम असतं. नियम वाचलेले मात्र थोडेच भेटतात.

गैरसमज १ : हे नोकऱ्यांसारखं आरक्षण आहे आणि खासगी कंपन्यांनाही सक्तीचं आहे.

वस्तुस्थिती : सक्ती आहे ती केंद्र सरकारची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्यांवर. केंद्राचा सूक्ष्म व लघुउद्योग खरेदी धोरण आदेश २०१२ चा. एप्रिल २०१५ पासून तो बंधनकारक झाला. सुरुवातीला वार्षिक खरेदीचा २० टक्के वाटा सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी होता, २०१९ पासून तो २५ टक्के आहे. या पंचवीसातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी.

खासगी कंपनीवर असा कोटा नाही. २००६-०७ च्या सुमारास खासगी नोकऱ्यांतल्या आरक्षणाची चर्चा तापली, तेव्हा सीआयआय आणि असोचॅम या उद्योगसंघटनांनी स्वेच्छेने आचारसंहिता पुढे केली. टाटा समूहाने आपल्या सकारात्मक कृती कार्यक्रमात शिक्षण आणि रोजगाराबरोबर उद्योजकताही घेतली. शेअर बाजारातल्या बड्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार जो शाश्वतता अहवाल द्यावा लागतो, त्यात सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांकडून आणि छोट्या उत्पादकांकडून थेट किती टक्के माल घेतला हे सांगावं लागतं. ‘वंचित गटांतल्या पुरवठादारांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे का, असल्यास त्यांच्याकडून खरेदी किती?’ हा प्रश्नही त्या नमुन्यात आहे, पण त्याचं उत्तर ऐच्छिक आहे. म्हणजे विचारणा आहे, बंधन नाही.

गैरसमज २ : जादा भाव द्यायचा आणि दर्जाकडे कानाडोळा करायचा, असा हा मामला आहे.

वस्तुस्थिती : सरकारी नियम याच्या नेमका उलट आहे. समजा, एका निविदेत मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी भाव १०० रुपये आला आणि लघुउद्योजकाने ११२ रुपये भरले. न्यूनतम दराच्या १५ टक्क्यांच्या आत असल्यामुळे त्याला विचारणा होते : १०० रुपयांत देणार का? तो ‘हो’ म्हणाला तर निविदेतला २५ टक्क्यांपर्यंतचा माल पुरवायची संधी त्याला मिळते. ११६ भरणाऱ्याला ही संधी नाही. सरकारच्या तिजोरीतून जादा पैसा जात नाही.

सवलत आहे ती वेगळ्या गोष्टींत. निविदेचे कागद मोफत मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. पूर्वानुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते, पण मालाचा दर्जा आणि तांत्रिक निकष पूर्ण होत असतील तरच. ड्रॉइंगवर ०.०२ मिलिमीटरची मर्यादा लिहिली असेल, तर ती कोणालाही माफ नाही.

गैरसमज ३ : आम्ही द्यायला तयार आहोत, पण दलित-आदिवासी पुरवठादार मिळतच नाहीत.

वस्तुस्थिती : दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे ‘डिक्की’, ही संघटना मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात उभी केली, ती आधीपासून धंद्यात असलेल्या दलित उद्योजकांना घेऊनच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीनुसार देशातल्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांपैकी सुमारे साडेबारा टक्के अनुसूचित जातींच्या आणि चार टक्के अनुसूचित जमातींच्या मालकांचे होते. लोकसंख्येतला वाटा (२०११ च्या जनगणनेत १६.६ आणि ८.६ टक्के) पाहता हे कमीच आहे, पण ‘मिळतच नाहीत’ म्हणण्याइतकं कमी नाही.

हे पुरवठादार गळतात ते व्हेंडर नोंदणीच्या अर्जावर. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, अमुक कोटींची उलाढाल, याच क्षेत्रातल्या दोन बड्या ग्राहकांची पत्रं. पहिली मोठी ऑर्डर मिळाल्याशिवाय ही पत्रं येत नाहीत आणि पत्रांशिवाय पहिली ऑर्डर मिळत नाही. शिवाय नवा पुरवठादार शोधायचा झाला की खरेदी अधिकारी आधी ओळखीतल्यांना फोन लावतो. ज्याच्या घरात कोणी कारखाना पाहिलेला नाही, त्याचा नंबर त्या फोनमध्ये कुठून असणार?

सरकारी धोरणातही एक पळवाट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांनी निविदाच भरली नाही किंवा ते अटींत बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढता येतात. परिणाम असा की सार्वजनिक कंपन्यांचं २५ टक्क्यांचं एकूण उद्दिष्ट पार पडतं, आणि ४ टक्क्यांचं मात्र खूप मागे राहतं. ही दरी भरायला ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू झालं. पण हबमध्ये प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसालाही शेवटी त्याच व्हेंडर अर्जासमोर बसावं लागतं.

गैरसमज ४ : ऑर्डर दिली की मदत झाली.

वस्तुस्थिती : छोटा कारखाना ऑर्डरअभावी मरतो तसा ऑर्डर असूनही मरतो. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र) चालवणारा उद्योजक डोळ्यांसमोर आणा. महिन्याला दहा लाखांचा माल जातो, पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. म्हणजे त्याचे तीस लाख रुपये बारा महिने कंपनीकडे अडकलेले. इकडे पगार महिन्याच्या महिन्याला, वीजबिल तारखेला. जीएसटी १८ टक्के धरला तर दहा लाखांच्या बिलावर एक लाख ऐंशी हजार होतात. इनपुट क्रेडिट वजा जाऊन उरेल तो कर वेळच्या वेळी भरायचा, मग कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. त्यात बिलातून रक्कम कापणारी एखादी डेबिट नोट आली की महिन्याचा नफा गेलाच.

ज्याचा मामा किंवा मेहुणा पोलादाचा व्यापारी आहे, त्याला दोन महिन्यांची उधारी मिळते. पहिल्या पिढीच्या दलित उद्योजकाला तोच व्यापारी रोख मागतो, आणि बँकेत तारण ठेवायला वडिलोपार्जित जमीनही नसते. त्यामुळे उशिरा पेमेंटचा फटका सगळ्यांना बसत असला, तरी तो सगळ्यांना सारखा सोसवत नाही.

कायदा याबाबत कडक आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराचीही वेसण घातली : मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. २०१७ पासून ‘समाधान’ पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. तरी बरेच जण गप्प बसतात, कारण तक्रार करायची ती उद्या ज्याच्याकडून ऑर्डर हवी त्याच्याविरुद्धच.

म्हणून ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था जास्त कामाची. कंपनीने बिल ऑनलाइन मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला थोडी सूट कापून लगेच पैसे मिळतात. सूट कंपनीची पत पाहून ठरते, गाळेवाल्याची नाही. कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराकडे वसुलीला येत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी केली आणि बिलं मान्यच केली नाहीत, तर पुरवठादाराच्या हाती काही लागत नाही.

गैरसमज ५ : उद्यम नोंदणी झाली की सगळे लाभ आपोआप मिळतात.

वस्तुस्थिती : सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची ही सरकारी नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका. पण लाभ सरसकट नाहीत. ४५ दिवसांचं संरक्षण सूक्ष्म आणि लघुउद्योगांना आहे, मध्यमांना नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांची नोंदणी होते, ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. खरेदी धोरण आणि विलंब-व्याज त्यांना लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या ४ टक्क्यांत बसायला भागीदारीत किंवा कंपनीत त्यांचा किमान ५१ टक्के हिस्सा हवा.

गैरसमज ६ : शेवटी लाभ डमी मालकच उकळतात, मग धोरण हवंच कशाला?

वस्तुस्थिती : ही भीती खोटी नाही. कागदावर मागास समाजातला मालक, पडद्यामागे दुसराच, असं जगभर घडतं. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सबलीकरणाचा कायदा २००३ साली झाला आणि तिथेही हाच प्रश्न आला. त्यांनी कायदा गुंडाळला नाही. २०१३ च्या दुरुस्तीने अशी बनवाबनवी गुन्हा ठरवली, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेच्या तरतुदीसह. खरेदी विभागाला डमी ओळखणं फार अवघडही नसतं. बँकेत सही कोणाची, भावावर घासाघीस करायला कोण बसतं, मशिन बंद पडलं तर फोन कोणाला जातो, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

एखाद्या कंपनीचा सर्वसमावेशकतेचा दावा तपासायचा असेल तर मेळाव्याचे फोटो आणि प्रशिक्षण शिबिरांची संख्या बाजूला ठेवा. एकूण खरेदीत या पुरवठादारांचा वाटा रुपयांत किती, त्यांची बिलं सरासरी किती दिवसांत निघतात आणि गेल्या वर्षी ऑर्डर मिळालेल्यांपैकी किती जणांना यंदा पुन्हा मिळाली, हे तीन आकडे मागा. तिन्ही कंपनीच्या संगणकात असतातच. जी कंपनी ते मोकळेपणाने छापते, तिच्या अहवालातली बाकीची पानं खुशाल विश्वासाने वाचावीत.