भीतीचा भ्रमणवेग

फिशरच्या समीकरणातील ‘चलनाचा भ्रमणवेग’ ही संज्ञा मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात किती वेळा जातो, एवढाच तिचा अर्थ. परंतु जर्मनीचा १९२३ सालचा इतिहास वाचला आणि या रुक्ष संज्ञेच्या पोटात माणसांची भीती दडलेली असते, हे ध्यानात आले.

पहिल्या महायुद्धाचा खर्च जर्मनीने मुख्यतः कर्जातून भागविला. पराभवानंतर नुकसानभरपाईचे ओझे आले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन फौजांनी रूर हा कोळशाचा व पोलादाचा प्रदेश व्यापला. तेथील कामगारांनी असहकार पुकारला आणि त्यांना पोसण्यासाठी सरकारने नोटा छापल्या. १९१४ साली डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४ लाख २० हजार कोटी पडू लागले!

नोटा वाढल्या म्हणून भाव वाढले, हे खरेच. पण भाव नोटांच्याही पुढे का धावले? कारण उद्याच्या धास्तीने प्रत्येक जण आजच नोट खपवू पाहत होता. मजुरी रोजच्या रोज, कोठे दिवसातून दोनदा मिळे आणि हाती पडताच लोक दुकान गाठत. शेतकरी कागदाच्या बदल्यात धान्य देईनात. भीतीने भ्रमणवेग वाढला, वेगाने भाव वाढले आणि त्या भावांनी भीती खरी ठरविली. यात दुष्टपणा कोणाचा? प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत होता.

राज्यही डळमळले. ऑक्टोबरात हँबुर्गला कम्युनिस्टांचा उठाव झाला. ८ नोव्हेंबरला म्यूनिकमध्ये हिटलरने सत्ता बळकावू पाहिली.

आणि तरीही आठवड्याभरातच, १५ नोव्हेंबरला, ‘रेन्टेनमार्क’ हे नवे चलन निघाले. त्यामागे सोने नव्हते. जमीन व उद्योग यांवरील बोजा तेवढा होता. खरे बळ होते ते मर्यादेत. किती नोटा काढायच्या हे आधीच ठरले होते. मध्यवर्ती बँकेने सरकारी हुंड्यांवर पैसे देणे त्याच दिवशी थांबविले. डिसेंबरात सरकारने जादा कर्ज मागितले, तेव्हा रेन्टेनबँकेने चक्क नकार दिला. मर्यादा पाळली जाते हे लोकांना दिसले; धान्य बाजारात आले, नोट घरात राहू लागली.

अर्थात बुडालेल्या ठेवी काही परतल्या नाहीत, आणि ती जखम मध्यमवर्ग विसरला नाही. परंतु या भाववाढीनेच हिटलर आणला, असे जे म्हणतात ते अर्धसत्य होय. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला जेमतेम २.६ टक्के मते होती. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के झाली. मधल्या काळात मंदीने साठ लाखांच्या घरात माणसे बेकार केली होती. तेव्हा भाव चढत नव्हते, उतरत होते.

‘आता सारे संपले’ असे वर्तमानपत्र वाचून मलाही पुष्कळदा वाटते. अशा वेळी मी हे दोन्ही धडे आठवतो. १९२३ साली सर्वनाश अटळ वाटत होता, तो टळला. पुढे संकट टळले असे वाटत असताना ते दुसऱ्या दाराने आले. म्हणून निराशा आणि निर्धास्तपणा या दोहोंपासून सावध राहावे. विश्वास उपदेशाने परत येत नाही. दिलेला शब्द कोणीतरी अडचणीच्या दिवशी पाळावा लागतो.