मिलवॉकीचे रेक पोहोचले लागोसला

रेल्वेप्रेमींनो, अमेरिकेतला हा किस्सा वाचाच. मिलवॉकी–मॅडिसन रेल्वेसाठी ओबामा सरकारने 2010 मध्ये विस्कॉन्सिनला सुमारे 81 कोटी डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी गव्हर्नरची निवडणूक! गाडी चालवण्याचा खर्च राज्याच्या गळ्यात पडेल, असं म्हणत उमेदवार स्कॉट वॉकर यांनी प्रचार केला. ते जिंकले, निधी इतर राज्यांकडे वळला. ओहायोनेही असाच निधी नाकारला. 2011 मध्ये फ्लोरिडाने तर 240 कोटी डॉलरवर पाणी सोडलं.

दरम्यान, मिलवॉकी–शिकागो मार्गासाठी विस्कॉन्सिनने घेतलेले टॅल्गो कंपनीचे दोन रेक मिलवॉकीतच बांधून तयार झाले. तेही त्या मार्गावर धावले नाहीत, वर्षानुवर्षं पडून राहिले. 2022 मध्ये नायजेरियातल्या लागोसने ते विकत घेतले. खर्चाची चिंता रास्त असेलही, पण तयार गाड्या अशा पडून राहू देणं ही काटकसर नव्हेच!