२९ तासांचा शनिवार

१३ जुलै १९८५ हा शनिवार फिल कॉलिन्सचा पिच्छा पुढे कधीच सोडणार नव्हता. दुपारी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर गायचं, मग विमानाने अटलांटिक ओलांडायचा आणि त्याच रात्री अमेरिकेत फिलाडेल्फियाला पुन्हा मंचावर चढायचं. दोन्ही शहरांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक. सूर्याच्या दिशेने पळणाऱ्या या माणसाचा दिवस त्यामुळे २९ तासांचा झाला. लोकांच्या लक्षात राहिलं ते विमान. त्या दिवशी त्याने केलेलं काम विमानाच्या आवाजात बुडून गेलं, आणि मला ओढ आहे ती त्या कामाची.

सकाळ

त्या दिवशीच्या 'लाइव्ह एड' या मैफलीची मुळं आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात होती. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीच्या मायकेल बर्कने इथिओपियातल्या कोरेमहून दुष्काळाचं वार्तांकन दाखवलं. ते पाहून बॉब गेल्डॉफ हा आयरिश गायक हलून गेला. त्याने मिज यूरला हाताशी धरून मदतनिधीसाठी एक गाणं केलं. २५ नोव्हेंबरला नॉटिंग हिलच्या सार्म वेस्ट स्टुडिओत ब्रिटनमधले सगळे लाडके गळे जमले. त्या गाण्यावर ड्रम वाजवणारा माणूस होता फिल कॉलिन्स. म्हणजे या कामात तो शिरला तो गायक म्हणून नव्हे, वादक म्हणून.

आता त्याच मदतकार्याची मोठी मैफल दोन खंडांत एकाच दिवशी भरत होती आणि सोळा तास दूरचित्रवाणीवर दिसणार होती. कलाकारांना बॅटरसीहून वेम्बलीपर्यंत नेण्यासाठी हेलिकॉप्टरं होती. त्यांची जबाबदारी नोएल एडमंड्सवर होती. ब्रिटनमध्ये शनिवारी टीव्ही लावला की दिसणारा हा सूत्रसंचालक स्वतः वैमानिकही होता. हेलिकॉप्टरं स्टेडियमजवळच्या क्रिकेटच्या मैदानात उतरायची, आणि तिथे सामना चालू होता. हेलिकॉप्टर आलं की खेळ थांबायचा, गेलं की पुन्हा सुरू. इंग्लंडमधला शनिवार एवढ्या गडबडीतही आपली वहिवाट सोडत नाही, हे मला फार आवडतं.

कॉलिन्स तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि त्याच्या कारकिर्दीला भरती आलेली होती. 'नो जॅकेट रिक्वायर्ड' हा अल्बम अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता. 'सुसुडिओ' हे गाणं त्याच महिन्यात अमेरिकेत अव्वल ठरलं. शिवाय जेनेसिस हा त्याचा जुना बँड चालूच होता. १९७० मध्ये तो तिथे ड्रमर म्हणून लागला. १९७५ मध्ये पीटर गेब्रिएल सोडून गेला, नवा गायक मिळेना, तेव्हा मागच्या ड्रमवरून उठून तो पुढे मायक्रोफोनशी आला. मंच त्याला नवा नव्हताच. पोरवयात लंडनच्या वेस्ट एंडला 'ऑलिव्हर!' या संगीतिकेत त्याने आर्टफुल डॉजरची भूमिका केली होती.

दुपारी १२

युवराज चार्ल्स आणि डायना येऊन बसले. स्टेटस क्वोने पहिलं गाणं सुरू केलं. वेम्बलीत ७२ हजार माणसं होती आणि ऊन चांगलंच तापलं होतं. मंच फिरता होता. एक बँड वाजत असताना दुसरा मागच्या बाजूला मांडामांड करायचा. वेळ पाळण्यासाठी मंचावर रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे बसवले होते, लाल लागला की आवरतं घ्यायचं. उपग्रहावरचा वेळ बांधलेला असल्याने एकाने मिनिट खाल्लं की पुढच्याचं जायचं. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस मिनिटं, आणि नीट ध्वनिचाचणी करायला कुणालाच सवड नाही.

३ वाजून १८ मिनिटं

स्टिंग आणि कॉलिन्स एकत्र आले. सोबत सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस. ड्रम नव्हता, बास गिटारही नव्हती. स्टिंगने आपली दोन गाणी म्हटली आणि मग कॉलिन्स पियानोवर बसून 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' गायला. हे गाणं आदल्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण मार्चमधल्या सोहळ्यात ते गायला लावलं गेलं अ‍ॅन राइनकिंग या नर्तिकेला, आणि गाण्याचा कर्ता श्रोत्यांत बसून ऐकत राहिला. वेम्बलीत ते त्याच्या स्वतःच्या गळ्यातून ७२ हजार लोक ऐकत होते, आणि नेमकं तिथेच त्याचं बोट चुकीच्या पट्टीवर पडलं. उघड्या पियानोवर बेसूर स्वर लपत नाही. तो गात राहिला.

त्यानंतर त्याने 'इन द एअर टुनाइट' घेतलं. इथे मला जरा थांबायचं आहे. हे १९८१ चं गाणं जगभर ओळखलं जातं ते त्यातल्या ड्रमसाठी. बराच वेळ गाणं दबून चालतं आणि मग एकाएकी ड्रम कोसळतात. त्या आवाजाचा शोध लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत लागला. पीटर गेब्रिएलच्या ध्वनिमुद्रणात कॉलिन्स वाजवत होता आणि ह्यू पॅजम हा ध्वनिमुद्रक काचेच्या पलीकडे होता. वादकाचं बोलणं ऐकू यावं म्हणून खोलीत टांगलेला एक मायक्रोफोन चुकून चालू राहिला. बोलण्याच्या सोयीसाठी त्या मायक्रोफोनला आवाज जोरात आवळून धरणारं यंत्र जोडलेलं होतं. त्यातून ड्रम अजस्र ऐकू आले. मग घुमारा विरण्याआधीच कापून टाकायची युक्ती त्याला जोडली, आणि ऐंशीचं दशक त्या आवाजाने भरून गेलं.

आणि वेम्बलीत? ते ड्रम नाहीतच. ज्या जागी ते कोसळायचे त्या जागी नुसता पियानो. वेम्बलीतला आपला सगळा वेळ या माणसाने ड्रमला हात न लावता काढला. ड्रम वाजवायला तो समुद्रापलीकडे निघाला होता, तेही दुसऱ्यांच्या गाण्यांवर. गिटारवादक एरिक क्लॅप्टन त्याचा मित्र. त्या वर्षी आलेल्या क्लॅप्टनच्या 'बिहाइंड द सन' या अल्बमची निर्मिती मुख्यतः कॉलिन्सनेच केली होती. लेड झेपेलिन या बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याच्या पहिल्या दोन एकल अल्बमांवर त्याने ड्रम वाजवले होते आणि त्याच्याबरोबर दौराही केला होता. मित्रांच्या मागे बसायचं म्हणून सहा हजार किलोमीटर. आपल्याकडे एखादा नावाजलेला तबलजी स्वतःची एकल मैफल आटोपून लगोलग गाडी धरतो आणि दुसऱ्या गावात गवयाला ठेका द्यायला बसतो, तसलाच हा प्रकार. 'सगळीकडे मिरवायची हौस' असं त्याला पुढे ज्यांनी हिणवलं त्यांनी एवढं तरी पाहायला हवं होतं की त्या रात्रीच्या तीन कामांपैकी दोनांत तो मागच्या रांगेत होता.

संध्याकाळ

वेम्बलीहून हेलिकॉप्टरने हीथ्रो, चालवायला स्वतः एडमंड्स. तिथून ब्रिटिश एअरवेजचं कॉन्कॉर्ड.

कॉलिन्स गेल्यानंतरच्या वेम्बलीबद्दल मराठी माणसाने एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ६ वाजून ४१ मिनिटांनी त्याच मंचावर क्वीन आले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच 'द हेक्टिक्स' या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवलेला. त्या दिवसाची आठवण आज निघते ती बहुतेक त्या वीस मिनिटांसाठीच, आणि रास्तच आहे ते.

कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं, साठ हजार फुटांपर्यंत चढायचं. लंडन ते न्यूयॉर्क साधारण साडेतीन तास. घड्याळं पाच तास मागे, त्यामुळे स्थानिक वेळेनुसार प्रवासी निघण्याच्या दीड तास आधी पोचायचे! मैफलीच्या प्रक्षेपणात चालू विमानातून कॉलिन्सशी बोलण्याचा घाट घातला गेला. आवाज खरखरत, तुटत आला. त्याच विमानात शेर ही गायिका होती आणि तिला लाइव्ह एडची काही खबरच नव्हती. कॉलिन्सने तिला सांगितलं काय चाललं आहे ते.

मला या साडेतीन तासांचं मोल वाटतं. २९ तासांत त्याला सक्तीने बसून राहावं लागलं ते बहुधा इथेच. आवाज दुपारी वापरून झालेला, रात्री पुन्हा लागणार, आणि कॉन्कॉर्डमधली हवा गळ्याला कोरडी. पुढे दोन वेगवेगळ्या बँडची गाणी हाताखालून जायची, त्यांतल्या एका बँडबरोबर तालीम झालेली नाही. न्यूयॉर्कला उतरल्यावर पुन्हा हेलिकॉप्टर, थेट फिलाडेल्फिया.

फिलाडेल्फिया, रात्री साडेसातनंतर

जॉन एफ. केनेडी स्टेडियमवर वेम्बलीपेक्षाही जास्त गर्दी होती आणि उकाडाही अधिक. साडेसात उलटून गेल्यावर क्लॅप्टनचा कार्यक्रम सुरू झाला. 'व्हाइट रूम', 'शीज वेटिंग', 'लैला'. बासवर डक डन, ड्रमवर क्लॅप्टनचा नेहमीचा जेमी ओल्डाकर आणि शेजारच्या दुसऱ्या संचावर कॉलिन्स. दोन ड्रमर एकत्र बसतात तेव्हा एकाला सावरून वाजवावं लागतं, नाहीतर ताल गढूळ होतो. कॉलिन्सला हे चांगलं ठाऊक होतं. जेनेसिसच्या मैफलींत तो पुढे गायचा आणि चेस्टर थॉम्पसन मागे ड्रमवर असायचा, आणि वादनाच्या लांब तुकड्यांत कॉलिन्स मागे जाऊन त्याच्या जोडीला बसायचा. क्लॅप्टनच्या मागे तो तसाच बसला, गाणं सोडून दुसरीकडे लक्ष जाऊ न देता. त्या रात्रीचं त्याचं सर्वांत चांगलं काम हेच, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

आठच्या सुमारास तो एकटा पियानोवर. दुपारी मी इंग्लंडात होतो, असं त्याने लोकांना सांगितलं तेव्हा स्टेडियम दणाणलं. तीच दोन गाणी, पुन्हा ड्रमशिवाय.

मग लेड झेपेलिन. त्यांचा ड्रमर जॉन बोनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला आणि बँड थांबला. रॉबर्ट प्लांट, जिमी पेज, जॉन पॉल जोन्स त्यानंतर एकत्र येत होते ते आज. बोनमच्या जागी दोघे, शीक या बँडचा टोनी थॉम्पसन आणि कॉलिन्स. बाकीच्यांनी थॉम्पसनबरोबर थोडीफार तालीम केलेली. कॉलिन्सने काहीच नाही, तो तर समुद्रावर होता.

तीन गाणी झाली. 'रॉक अँड रोल', 'होल लोटा लव्ह', 'स्टेअरवे टू हेवन'. ध्वनिमुद्रण ऐकताना आजही कसंसं होतं. पेजची गिटार स्वरात नाही, प्लांटचा गळा बसलेला, दोन ड्रमर एकमेकांचा अंदाज घेत चाचपडणारे. बोनमचा ठोका जरा मागे रेलून पडायचा. तो बाज तालमीशिवाय अंगात येत नाही, आणि दोघांनी मिळून तर नाहीच नाही. मधेच उठून जावं असं मनात आलं होतं, पण मी उठलो असतो तर त्याचीच बातमी झाली असती, असं कॉलिन्सने नंतर सांगितलं. तो हात आखडता घेऊन शेवटपर्यंत बसला. पेजने पुढे दोष कॉलिन्सच्या माथी मारला, याला गाणी येतच नव्हती म्हणून. लाइव्ह एडच्या २००४ मधल्या डीव्हीडी संचात झेपेलिनने हा तुकडा घालू दिला नाही.

तालमीशिवाय बोनमच्या जागी बसणं ही कॉलिन्सची चूकच होती. प्लांटवरच्या लोभापायी त्याने नाही म्हणायचं टाळलं असावं. पण बिघडलेली तार त्याच्या हातात नव्हती, बसलेला गळा त्याचा नव्हता. एका रात्रीचं सगळं अपयश मागच्या रांगेतल्या माणसाच्या खात्यावर टाकणं सोपं असतं, कारण तो विमानातून उतरलेला, ताजा, टीव्हीवर सारखा दिसणारा. त्या दिवसाने त्याला सर्वव्यापी केलं आणि लोकांना त्याचा कंटाळा यायला सुरुवातही तिथूनच झाली.

रात्री ११

शेवटी सगळ्यांनी मिळून 'वी आर द वर्ल्ड' म्हटलं. मंचावरच्या गर्दीत शेरही होती, काही तासांपूर्वी जिला या मैफलीचा पत्ता नव्हता ती.

लंडनमध्ये तेव्हा रविवारची पहाट झाली होती.

या धावपळीची किंमत त्याच्या शरीराने त्या दिवशी मागितली नाही, ती खूप नंतर मागितली. वर्षानुवर्षं ड्रमवर वाकून बसल्याने मानेचे मणके बिघडले. २००९ मधल्या शस्त्रक्रियेनंतर हातांतली ताकद गेली, ड्रमची काठी बोटांत ठरेना. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात जेनेसिसची अखेरची मैफल झाली, तेव्हा तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निकोलस होता. मैफलींच्या शेवटच्या त्या दौऱ्यात ड्रमच्या बाजूला मान वळवून तो पाहायचा ते चित्रफितींत दिसतं, आणि मला ते पाहवत नाही.

पण १९८५ नंतर लगेच काय झालं तेही सांगायला हवं. इतकी टीका झेलल्यावर दुसरा कुणी स्वतःच्या नावापुरता राहिला असता. कॉलिन्सने क्लॅप्टनच्या पुढच्या 'ऑगस्ट' या अल्बमच्या निर्मितीत पुन्हा हात घातला. जुलै १९८६ मध्ये जेनेसिसचं 'इनव्हिजिबल टच' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्या बँडला तिथे मिळालेला हा एकमेव पहिला क्रमांक. त्याच जुलैत माँट्रोला आणि बर्मिंगहॅमला क्लॅप्टनच्या मैफली झाल्या, आणि दोन्हीकडे ड्रमवर कॉलिन्स होता.