लाळ आणि एच.आय.व्ही.

दौंड जंक्शनच्या फलाटावर एकाच कपातला चहा दोघांनी घोट-घोट घेतला, किंवा शिरूरच्या घरी एकाच ताटात दोघे जेवले, तरी रक्ताचा संपर्क नसताना एच.आय.व्ही.ची बाधा होत नाही; कारण लाळेत विषाणू अत्यल्प असतो व तिच्यातील प्रथिने त्याला निष्प्रभ करतात. सबब रुग्णाची कपबशी निराळी ठेवणे हा निष्कारण दिलेला क्लेश होय, आणि तो पाहून माझे मन विषण्ण होते.

हिरड्यांवरून पट्टी फिरवून टिपलेल्या द्रवाच्या चाचणीत मात्र विषाणू नव्हे, शरीराने त्याविरुद्ध निर्मिलेली प्रतिद्रव्ये शोधतात. अशा घरगुती चाचणीस अमेरिकेने २०१२ साली मंजुरी दिली, तथापि संसर्गाच्या संभवानंतर तीन महिने लोटल्यावाचून तिचा नकार ग्राह्य धरू नये. आपल्या सरकारी समुपदेशन केंद्रांत रक्तच तपासतात, तेही विनामूल्य.