आज झाली का?

घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असले की सकाळचे वर्तमानपत्र उघडण्याआधी एक प्रश्न विचारला जातो : ‘झाली का?’ काय झाली, हे कोणालाच सांगावे लागत नाही. आमच्याकडे हा प्रश्न गेल्या वर्षी तीन महिने गाजला. नातू तेव्हा सव्वादोन वर्षांचा. चार-चार दिवस शी नाही आणि झालीच तर खडा. हा पठ्ठ्या पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राही, पाय घट्ट जुळवलेले, चेहरा लालबुंद. पाहणाऱ्याला वाटावे, बिचारा जोर करतो आहे. बालरोगतज्ज्ञांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, ‘आजोबा, तो जोर करत नाही. तो रोखून धरतो आहे.’

सारे गणित इथेच आहे. एकदा कडक शी होताना दुखले की मूल धसका घेते. पुढच्या वेळी कळ आली की आवळून धरते. मोठ्या आतड्याचे काम पाणी शोषण्याचे. जितका वेळ मळ तिथे राहील तितका तो कोरडा आणि मोठा होणार. मग आणखी दुखते, आणखी भीती. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हे लगेच उमजते. भरणा रोज चालू, उचल बंद. खाते फुगत जाणार. फार फुगले तर अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो आणि चड्डी खराब होते. घरच्यांना वाटते जुलाब लागले, आणि ते नेमके उलटे उपचार करून बसतात.

आमच्या लहानपणी याला एकच उत्तर होते : एरंडेल. नाक दाबून. काही घरांत साबणाची कांडीही असे. हे दोन्ही आता मनातून काढून टाकावे. साबणाने आतली नाजूक त्वचा सोलवटते, आणि ज्या जागेची मुलाला आधीच भीती बसली आहे, तिथेच आपण पुन्हा दुखवतो.

डॉक्टरांनी आहाराची चौकशी सुरू केली आणि पहिला आरोपी निघाला दूध. नातू दिवसाला चार बाटल्या पीत होता, म्हणजे जवळजवळ एक लिटर. आमच्या सौभाग्यवतींना त्याचा अभिमान होता. पण दुधात चोथा शून्य, आणि पोट त्यानेच भरले की पोळी-भाजीला जागा कुठली? या वयाला दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर पुरे. दूध निम्म्यावर आणायचे म्हटल्यावर घरात जे झाले त्याला वाटाघाटी म्हणणे सौम्य ठरेल. सूनबाईने बाटली बंद करून पेला आणला आणि आठवड्यात मूल जेवायला मागू लागले.

दुसरा आरोपी मैदा : बिस्किटे, खारी, टोस्ट. चहात बुडवलेले बिस्किट हा आजी-आजोबांचा प्रेमाचा विषय, तेव्हा जास्त लिहीत नाही. त्याऐवजी काय? ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, नाचणी, न चाळलेल्या कणकेची पोळी, मुगाची उसळ, शिजवलेला दुधी, पालक. फळांमध्ये पपई, पिकलेले केळे (कच्चट नको), बिया काढलेला पेरू. नाशपाती आणि सुके आलुबुखार यांत सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती आतड्यात पुरती शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. काळ्या मनुका आणि सुके अंजीर रात्री भिजवून सकाळी कुस्करूनच द्यावेत, अख्ख्या मनुका घशात अडकू शकतात. किती चोथा द्यायचा याचा एक सोपा हिशेब आहे : दोन वर्षांपुढच्या मुलाच्या वयात पाच मिळवा, तितके ग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूत पाचेक ग्रॅम चोथा असतो, म्हणजे हे काही अवघड नाही. मात्र चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही, तर रस्ता मोकळा होण्याऐवजी तुंबतो. खेळताना मधूनमधून दोन घोट, एवढेच. सौभाग्यवतींनी वर साजूक तूप घातले. त्याला माझा कधीच विरोध नव्हता.

जेवणानंतर आतडे आपणहून हलू लागते. ती वेळ साधून पाच-सात मिनिटे पॉटीवर बसवावे, पायाखाली पाट ठेवून, गोष्ट सांगत. रागावणे नाही, ‘झाल्याशिवाय उठायचे नाही’ नाही.

तरीही सगळे आहारावर सोडू नये. आमच्या नातवाला मळ मऊ करणारे औषध काही महिने घ्यावे लागले, कारण ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला तितका वेळ लागतो, आणि दोन दिवस बरे वाटले म्हणून औषध बंद केले की दुखणे परत येते. शीत रक्त, उलट्या, फुगलेले पोट, ताप, वजन न वाढणे किंवा जन्मल्यापासूनच बद्धकोष्ठ असेल, तर पपई कापत न बसता थेट डॉक्टरांकडे जावे.

पुढच्या महिन्यात आम्हाला लग्नाला नागपूरला जायचे आहे. सामानाच्या यादीत सूनबाईने साड्यांच्याही आधी लिहिले आहे : पॉटी, पाट, मनुका.