तळ्यावरची मशीद

मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या बायकांची यादी ठरलेली असते. राणीची बाग, चौपाटी, महालक्ष्मी आणि परतताना क्रॉफर्ड मार्केट. या खेपेस बचत गटाला शिलाईसाठी होलसेल कापड हवं होतं. मुरबाडहून एसटीनं कल्याण आणि पुढं लोकलनं मशीद बंदर गाठलं. (हे नाव जामा मशिदीवरून पडलं असेल असं वाटतं ना? पण तिथल्या बेने इस्रायली लोकांच्या प्रार्थनास्थळाला 'जुनी मशीद' म्हणत, त्यावरून ते आलं असं सांगतात.)

जामा मशीद मात्र मंगळदास मार्केटला अगदी लागून आहे. सात बेटांच्या या राजधानीतली सुन्नी मुसलमानांची ही जुनी, मोठी मशीद. आपण शेजारी उभं राहून ड्रेस मटेरियलचा भाव करतो, पण आत काय आहे ते कधी विचारत नाही.

"बायकांना जाऊ देतील का हो ताई?" गटातल्या मावशींनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. हाजीअलीच्या मजारीपर्यंत जाण्यासाठी मुसलमान बायकांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला आणि नोव्हेंबरात त्या आत गेल्या. आपण नाकं मुरडायला नकोत, शनिशिंगणापूरचा चौथराही बायकांना त्याच वर्षी खुला झाला.

दारावरच्या चाचांना विचारलं. नमाजाची वेळ नव्हती. चपला काढा, डोकं झाका, म्हणाले. आमच्या बायकांच्या डोक्यावर पदर होताच. वर नमाजाच्या दालनात आम्ही गेलो नाही, तळ्यापर्यंत गेलो.

हो, तळं! बाहेर हातगाड्यांची, हमालांची झुंबड आणि आत दगडी पायऱ्यांनी बांधलेलं हिरवट, गप्प पाणी. त्यात मासे, कासवं. पाण्यातूनच सोळा काळ्या दगडी कमानी वर आल्यात आणि अख्खी मशीद त्यांच्यावर उभी आहे. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. इथं बाग आणि मोठं उघडं तळं होतं. मशिदीला त्यानं होकार दिला तो एका अटीवर, तळं जसंच्या तसं राखायचं. १७७५ मध्ये सुरू झालेलं काम रखडत रखडत १८०२ मध्ये पुरं झालं. वरचा मजला पुढं महंमद अली रोघे या कोकणी व्यापाऱ्यानं चढवला. नमाजाआधी हातपाय धुण्याची, वजूची सोय या तळ्यावरच.

मला त्या अटीचं फार अप्रूप वाटलं. त्या काळी मुंबई विहिरी-तळ्यांवरच जगत होती. १८६० मध्ये विहारचं आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी नळानं आलं, तशी तळी नकोशी झाली आणि बुजली. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नुसती नावं उरली. हे मात्र राहिलं. आणि तानसा कुठं, तर आमच्या शहापुरात! भातसाही तिथलंच. ज्या तालुक्याचं पाणी मुंबईला जातं, त्यातल्याच कितीतरी वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. आमच्या बायका तळं बघत होत्या ते या डोळ्यांनी. एकजण पायऱ्या मोजून म्हणाली, "हंडा घेऊन चढायला बऱ्या आहेत."

मावशींचं माहेर तानसाकाठचं. त्यांनी चाचांना विचारलं, "उन्हाळ्यात आटतं का हो?"

"नाही, खाली झरे आहेत."

"आमच्या विहिरीला मार्चातच तळ दिसतो."

चाचांनी गाव विचारलं. तानसा म्हटल्यावर ते उठले, कोपऱ्यातल्या नळाचं पाणी तांब्यात भरून आणलं आणि मावशींपुढं धरलं. "घ्या, तुमच्याकडचंच आहे."

मावशींनी ते पदरानं तोंड पुसत पुसत सगळं संपवलं.